कडूमावशीचा चेहरा

औरंगाबादेत मुकुंदवाडीच्या पुढं, रुळांच्या पलीकडच्या अंगाला, बहात्तरच्या दुष्काळात बांधलेला एक पाझर तलाव होता. आता त्याला तलाव म्हणताना जीभ अडखळावी अशी त्याची गत झाली होती. वरच्या बाजूनं गुंठेवारीची घरं सरकत सरकत त्याच्या पोटात उतरली होती, खालच्या बाजूला बांधाचा एक तुकडा तेवढा शिल्लक होता. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, पावसानं लागोपाठ दगा दिलेला असताना, त्या कोरड्या खड्ड्यात शहरभरातला राडारोडा येऊन पडू लागला. पाडलेल्या भिंती, फुटक्या फरशा, नाल्यातला गाळ. पाणीच राहिलं नाही तर जागा मोकळी कशाला ठेवायची, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी प्लॉट आखायला घेतले होते. उरलेला बांध सपाट झाला की तिथून रस्ता जाणार होता.

बांधापासून हाकेच्या अंतरावर केसरबाईचं दोन खोल्यांचं घर होतं. ती दिवसभर उंबऱ्यात बसून डंपर बघायची. तिची मुलगी रत्नमाला प्राथमिक शाळेत बाई होती आणि नवरा गेल्यापासून आईजवळच राहत होती. एका संध्याकाळी रत्नमाला शाळेतून येऊन ड्रममध्ये पाणी किती उरलंय ते बघत होती, तेव्हा केसरबाईनं तिला विचारलं,

"तुज्या फोनमंदी समदं सापडतं म्हणतीस न्हवं?"

"समदं नाय माय. पण लई काय काय सापडतं."

"मंग कडूचं नाव कुठं लिव्हलंय का बघ. बांध पाडायच्या आदी बघ."

कडू म्हणजे केसरबाईची धाकटी बहीण, कडूबाई. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून मरणाच्या तोंडाला कडू लागावी अशा बेतानं आईबापानं तिचं नाव ठेवलेलं. वैजापूरच्या बाजूचं त्यांचं गाव. दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरं मेली, तेव्हा महारवाड्यातलं निम्मं माणूस कामाच्या शोधात निघालं आणि केसरबाईचा नवरा, केसरबाई आणि कडू या तलावाच्या कामावर आले. दिवसभर माती उकरायची, घमेल्यानं बांधावर टाकायची, संध्याकाळी मिळालेल्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीच्या, लालभडक भाकरी थापायच्या. रत्नमाला तेव्हा अंगावर पिणारी होती. झोळीत टाकलेल्या तिला येता-जाता झोका द्यायचं काम कडूचं. मग माघ महिन्यात एका सकाळी, खालून पोखरत नेलेला मातीचा कडा बायांच्या अंगावर आला. इतर बाया वाचल्या. कडूला बाहेर काढलं तेव्हा ती संपलेली होती. गावी न्यायला साधन नव्हतं, म्हणून तिला बांधाच्या कडेलाच मूठमाती दिली. दुष्काळ सरल्यावर बाकीची माणसं आपापल्या गावी परतली. केसरबाई गेली नाही. कडूला इथं एकटी टाकून कशी जाऊ, एवढंच ती नवऱ्याला म्हणाली होती.

कडूचा फोटो नव्हता. शाळेत ती गेली नव्हती, लग्न झालं नव्हतं, मतदानाच्या वयाला पोचली नव्हती. ती जगून गेली याची खूण म्हणजे केसरबाईची आठवण आणि हा बांध. त्यातला एक आता जाणार होता.

रत्नमालाला आधी वाटलं, हे काही फार अवघड नाही. मोबाईलवर तिनं 'कडूबाई मुकुंदवाडी' असं लिहून बघितलं, तर निरनिराळ्या गावांच्या मतदारयाद्या आल्या. मराठवाड्यात कडूबाया काही कमी नाहीत. 'मुकुंदवाडी तलाव' लिहिलं तर प्लॉट विकण्याच्या जाहिराती आल्या. 'मुकुंदवाडी दुष्काळ' लिहिलं तर टँकरवाल्यांचे नंबर आले. उन्हाळ्याची सुटी लागली, आणि तिनं शाळेच्या शिपायाकडून संगणकाच्या खोलीची किल्ली मागून घेतली. वीज असेल तोवर ती तिथं बसायची.

फेसबुकवर जुन्या औरंगाबादची छायाचित्रं टाकणारा एक गट होता. तो उमाताई चालवायच्या. त्या एका कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या, समर्थनगरात राहायच्या. रत्नमालानं त्यांना चार ओळी लिहून पाठवल्या तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी घरी बोलावलं. चहा दिला आणि संगणकासमोर खुर्ची ओढून दिली. कुठं काय फुकट बघायला मिळतं ते त्यांनी तिला एकेक करून दाखवलं. जुनी गॅझेटियर स्कॅन करून ठेवलेली होती. परदेशातल्या ग्रंथालयांनी नकाशे खुले केले होते. विधिमंडळातल्या चर्चा, टंचाईकामांचे छापील अहवाल, वर्तमानपत्रांचे जुने अंक, सगळं कुठं ना कुठं होतं. फक्त धीर पाहिजे, असं उमाताई म्हणाल्या. इंग्रजी कागदांत मुकुंदवाडीचं स्पेलिंग ज्याला जसं सुचलं तसं केलेलं असतं, ते सगळे प्रकार टाकून बघायचे. मराठी पानांचं स्कॅनिंग करताना यंत्र अक्षरांचा पार चुराडा करतं, त्यामुळं ती शोधून सापडत नाहीत, डोळ्यांनीच वाचावी लागतात.

रत्नमालानं डोळ्यांनीच वाचली. गॅझेटियरमध्ये लेण्यांवर पानंच्या पानं होती, शहराच्या दरवाजांवर होती, जमिनीखालून येणाऱ्या नहरीच्या पाण्यावर होती, शहागंजच्या बाजारात कधी काय भावानं विकलं जायचं त्यावरसुद्धा होती. मुकुंदवाडी एका ओळीत आली आणि गेली. उमाताईंनी तिला उपग्रहाचे जुने फोटो बघायची युक्ती दाखवली. खालची पट्टी मागं सरकवली की वर्षं मागं जायची. रत्नमालानं तलाव शोधून काढला आणि पट्टी मागं नेली. घरं कमी कमी होत गेली, रस्ते विरले, आणि मधोमध हिरवट पाण्याचा एक मोठा तुकडा उघडा पडला. बांध स्पष्ट दिसत होता. तिला एकदम वाटलं, अजून थोडं मागं गेलं तर माणसंही दिसतील. पण पट्टी तिथंच संपली. त्याच्या मागं फोटोच नव्हते, आणि कडू तर त्याच्याही कितीतरी आधी गेलेली.

मग एक दिवस तो अहवाल सापडला. दुष्काळी कामांचा, तालुकावार, मराठीत छापलेला. पान तिरकं स्कॅन झालं होतं, कडेची अक्षरं कापली गेली होती, पण काम हेच होतं. मुकुंदवाडी शिवार, पाझर तलाव, काम पूर्ण. पुढं मजुरांची संख्या, बायकांची वेगळी. रत्नमालानं पान मोठं केलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, अपघाती मृत्यू : निरंक.

तिनं ते उमाताईंना फोनवर वाचून दाखवलं. उमाताईंनी तिला समजावलं की निरंक याचा अर्थ काही घडलं नाही असा धरायचा नसतो. वरच्याला कुणी कळवलं नाही, एवढाच धरायचा. रत्नमालाला ते पटलं. तरी घरी जाताना तिच्या मनात आलं की आईनं विचारलं तर काय सांगायचं, तुझी बहीण सरकारदरबारी मेलीच नाही? केसरबाईनं विचारलं नाही. ती वाट बघत होती आणि वाट बघताना घाई करायची तिला सवय नव्हती.

उमाताईंनी गटावर विचारणा टाकली. बऱ्याच लोकांनी वाईट वाटल्याचं लिहिलं. एकानं वैजापूरहून कळवलं की त्याचे वडील मोतीराम त्या काळात दुष्काळी कामांवर हजेरी घ्यायचे, मुकुंदवाडीच्या कामावरही होते, आणि अजून हिंडतेफिरते आहेत. रत्नमाला दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वैजापूरला गेली.

मोतीराम मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत राहत होते. अंगणात कांदा पसरलेला होता आणि ते कडेला खाटेवर बसून नासका कांदा निवडून बाजूला टाकत होते. त्यांना सगळं आठवत होतं. मिलो आठवत होता, लेकरांना वाटायची सुकडी आठवत होती, हजेरीच्या वेळी बाया कशा गलका करायच्या तेही आठवत होतं. माती पडल्याचं विचारल्यावर ते लगेच म्हणाले, "व्हय, पडली व्हती की. दोन पोरी गेल्या. लई वंगाळ झालं."

रत्नमालानं जवळ सरकून विचारलं, "दोन? का एक?"

"दोन असत्याल. एकीचं नाव सोजर व्हतं बगा."

"हे मुकुंदवाडीच्या कामावर ना?"

मोतीराम थांबले. नासका कांदा हातातच राहिला. मग त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की नाही, ते बहुतेक तीसगावच्या बाजूचं काम. मुकुंदवाडीला काही झाल्याचं ध्यानात नाही. रत्नमालाला राहवलं नाही. तिनं सांगितलं की तिथं कडूबाई नावाची पोर गेली, माघात, कड्याखाली सापडून. मोतीरामांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "व्हय, कडूच. कडूच व्हती ती. आलं ध्यानात."

रत्नमालानं इतकी वर्षं शाळेत काढली होती. बाईंना काय ऐकायचंय ते बघून मान डोलावणारं पोर तिला लगेच ओळखू यायचं. म्हाताऱ्यानं खोटं सांगितलं असं नव्हे, त्याला तिची कीव आली होती. सुनेनं केलेला चहा पिऊन, पिशवीभर कांदे नको नको म्हणत घेऊन ती परतली. येताना गाडीत तिच्या मनात पहिल्यांदा एक विचार शिरला. आईचंच तर काही चुकत नसेल? काम दुसरंच असेल, बांध दुसराच असेल. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिनं तो उमाताईंनाही सांगितला नाही.

एका मोफत ज्ञानकोशात मुकुंदवाडीचं पान होतं, कुणीही त्यात भर घालू शकेल असं. रत्नमालानं तलावाबद्दल आणि कडूबद्दल तीन वाक्यं लिहिली. संध्याकाळपर्यंत ती कुणीतरी काढून टाकली होती. खाली कारण दिलं होतं, संदर्भ नाही. तिनं तक्रार केली नाही. पोरांच्या उत्तरपत्रिकेत तिनंही हेच केलं असतं.

फोटो सापडला तो असाच, शोधत नसताना. दुष्काळ, बाया, घमेली असे शब्द इंग्रजीत टाकून ती चित्रं खाली सरकवत होती. बहुतेक चित्रं पाहिलेलीच होती. मग एक नवं आलं. उतारावरून बायांची रांग चढतेय, डोक्यावर घमेली, आणि पुढं एक पोरगी पदर खोचून उभी, कॅमेऱ्याकडं बघत. कोणीतरी आपल्या पानावर नुसता डकवलेला फोटो होता तो, खाली काही लिहिलं नव्हतं. रत्नमालानं तो फोनमध्ये घेतला आणि घरी आल्यावर आईच्या डोळ्यांसमोर धरला. काही विचारलं नाही, मोतीरामांकडची चूक तिला पुन्हा करायची नव्हती.

केसरबाईनं चष्मा लावला. फोन हातात घेतला नाही, दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवून वाकून बघत राहिली. मग बोट लांब करून काचेला न लावता म्हणाली, "ही कडू."

"कोणती?"

"ही काय. पदर खवल्याली. आशीच हुभी ऱ्हायची ती, काम टाकून."

आणि केसरबाई रडली. रत्नमालानं आपल्या आईला रडताना फारसं पाहिलेलं नव्हतं. तिनं तिथूनच उमाताईंना फोटो पाठवला, माझी मावशी म्हणून. उमाताईंनाही इतका आनंद झाला की त्यांनी तो लगेच गटावर टाकला, मुकुंदवाडी तलाव, बहात्तरचा दुष्काळ, कडूबाई, असं लिहून. सकाळपर्यंत तो शहरभर फिरला. शाळेतल्या शिक्षकांनी रत्नमालाला फोन केले. ज्यांनी आजवर तलावाकडं वळूनही बघितलं नव्हतं त्यांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. केसरबाईनं त्या दिवशी शेजारच्या द्वारकाबाईला बोलावून फोटो दाखवला, आणि घरात कुणी परत आलं असावं तशी ती दिवसभर वावरली.

शहागंजात एका ओळखीच्या दुकानातून फोटो मोठा करून घ्यायचा असं रत्नमालानं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "बाजी, ये तो बहुत छोटा है, फट जायेगा. असल मिला तो लाओ." म्हणून ती असल शोधायला बसली. फोटो परदेशातल्या एका विद्यापीठाच्या खुल्या संग्रहातला निघाला. तिथं तो मोठा होता, स्वच्छ होता, आणि मागच्या बाजूवर टंकलेला मजकूरही वेगळा दिलेला होता. जिल्हा नगर. मे, एकोणीसशे त्र्याहत्तर. दुष्काळी कामावरील स्त्रिया. मे महिन्यात कडू बांधाच्या कडेला मातीत होती, माघापासून.

रत्नमालानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. टंकणाऱ्याची चूक असेल, असं स्वतःला सांगून बघितलं. पण फोटोच्या मागं दूर एक डोंगराची सोंड होती, आणि तलावाभोवती तशी सोंड कुठंच नव्हती. ते तिला आधीच दिसायला हवं होतं.

सांगायचं की नाही यावर ती दोन दिवस घुटमळली. उमाताईंनी सांगू नका असं सुचवलं. म्हाताऱ्या माणसाचं समाधान मोडून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. पण रत्नमालाला ते जमेना. एक खोटी कडू घरात आणून बसवली तर खरीचं काय करायचं? दुपारी भाकर खाऊन झाल्यावर तिनं आईला सांगून टाकलं.

"माय, ती कडूमावशी नाय. फोटो नगरकडचा हाय. माघाच्या नंतरचा."

केसरबाईनं ताट बाजूला सारलं. मग तिनं विचारलं, "मंग ती कोन?"

"नाव दिलेलं नाय. दुष्काळी कामावरच्या बाया, येवढंच लिव्हलंय."

"म्हंजी तिचं बी नाय."

एवढंच बोलून ती उठली आणि आडवी झाली. रत्नमालानं उमाताईंना सांगून गटावरचा फोटो काढायला लावला. खाली खुलासाही टाकला, फोटो कडूबाईचा नाही, चूक आमची. खुलासा मोजक्या लोकांनी वाचला. फोटो मात्र केव्हाच गटाबाहेर पडला होता. तो प्लॉटवाल्यांच्या गटांत गेला, शुभेच्छांच्या संदेशांत गेला. आठवड्याभरानं द्वारकाबाईच्या सुनेच्याच फोनवर तो कडूबाईच्या नावासकट पुन्हा आला, आणि तिनं तो मोठ्या कौतुकानं केसरबाईला दाखवला.

त्या दिवशी संध्याकाळी केसरबाई आपणहून बोलली. रत्नमाला कणीक मळत होती. केसरबाई भिंतीला टेकून बसली होती.

"रत्ना, तुला बोल लावत नाय. म्यांच म्हन्ले व्हते शोध म्हनून. पर एक झालं बग. मला कडूचं तोंड आदीच धड आठवत नव्हतं. लई सालं झाली. जरासं व्हतं, नाकापाशी, हसायची तवाचं. तेवढ्यावर भागत व्हतं माजं. आता डोळं मिटलं की ती फोटोतलीच येती. खरी येतच नाय."

रत्नमालाचे हात कणकेत तसेच राहिले. ती म्हणाली की काही दिवस जाऊ दे, जाईल तो फोटो डोळ्यापुढून. केसरबाईनं नुसती मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

मृगाच्या आधी बांध गेला. केसरबाई उंबऱ्यात बसायची ती आता आतल्या खोलीत बसू लागली होती, त्यामुळं रत्नमाला एकटीच बघायला गेली. जेसीबी लावून माती खड्ड्यात ढकलत होते. तिनं चालवणाऱ्याला हात करून थांबवलं आणि मातीत काही निघालं का म्हणून विचारलं. तो बिहारकडचा होता. त्याला वाटलं बाईचं काही हरवलंय. त्यानं भल्या मनानं खाली उतरून इकडंतिकडं बघितलं, क्या गिरा था म्हणून दोनदा विचारलं, आणि तिला सांगता येईना तसा परत वर चढला. बघता बघता सगळी जागा एका पातळीत आली.

त्या साली पाऊस चांगला झाला. तलाव नसल्यामुळं पाणी गल्ल्यांत साचलं आणि मग नाल्यानं वाहून गेलं. प्लॉटवर घरं उठली. उमाताईंनी मधे एकदा फोन करून विचारलं की शहरातल्या हरवलेल्या तलावांवर एक लेख लिहाल का, माझ्याकडं बरंच साहित्य जमलंय. रत्नमालानं नम्रपणे नाही म्हटलं. केसरबाई पुढच्या दुष्काळात, एकोणीसच्या उन्हाळ्यात गेली. दारात टँकर आला होता म्हणून अर्धी गल्ली उशिरानं जमली. शेवटच्या दिवसांत ती सगळ्यांना नावानं ओळखत होती, सगळं बोलत होती. कडूचं नाव तिनं त्या संध्याकाळनंतर पुन्हा काढलं नव्हतं. नंतर रत्नमाला कधी डोळे मिटून मावशीला आठवायला जाई, तेव्हा तिलाही पदर खोचलेली, नगरकडची, नाव नसलेली ती पोरगीच दिसे. दुसरं काही दिसायला तिच्याकडं नव्हतंच.

केसरबाई गेली त्या वर्षी चौथीच्या मुलांना आपल्या परिसराचा इतिहास लिहून आणायला सांगितला होता. मुलांनी घरच्यांच्या फोनवरून उतरवून आणलं. बहुतेकांनी दौलताबादचा किल्ला लिहिला होता, पाणचक्की लिहिली होती, दरवाजे लिहिले होते. वैदेही नावाची एक मुलगी तलावाच्या जागेवर उठलेल्या कॉलनीत राहायची. तिनं कशातूनही उतरवलं नव्हतं. तिनं आपल्या मनानं लिहिलं होतं, आमची कॉलनी नविन आहे. आधी इथे काही नव्हते. म्हणून आमच्या परिसराला इतिहास नाही.

रत्नमालानं लाल पेन हातात धरलं. 'नविन'मधली वेलांटी दुरुस्त करून दीर्घ केली, खाली बरोबरची खूण केली आणि पुढची वही घेतली.